रविवारी दुपारी न करमणारी पोरं

दादा,

तुझा निळा शर्ट आज धुतला. दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत तो तसाच गुंडाळून पडला होता. धुतला, पिळला, अंगणातल्या तारेवर टाकला. ऊन असं आहे की लगेच वाळला. घडी करून ट्रंकेत ठेवला. हे सगळं करताना मला काहीच झालं नाही. रडू आलं नाही. नळाखालचं पाणी गार होतं की कोमट, तेही आता सांगता येणार नाही.

बायका येतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "रडून घे व सुमन, मोकयी हो." मी मान हलवते. त्यांना चहा करून देते. चहात साखर टाकली की नाही हे मात्र मला आठवत नाही, आणि कुणी तक्रारही करत नाही.

आज बसस्टँडवरून येत होते. तुझ्या चौकशीच्या खिडकीमागे दुसराच माणूस बसला आहे. एक म्हातारा त्याला विचारत होता, शिरपूरची गाडी कधी? त्याने वर न बघता सांगितलं. तू वर बघायचास. "बावाजी, बसा सावलीत, येऊन राह्यली," असं म्हणायचास, मग गाडी यायला कितीही वेळ असो. मी तिथे थांबले नाही. आपल्या घरी चालत आले आणि तेव्हापासून डोक्यात तोच सिनेमा चालू आहे. तुझा आजार नाही, तुझा चेहरा नाही, तो सिनेमा. म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते. दुसरं काही लिहायला बसले तर पान कोरंच राहतं.

त्याचं इंग्रजी नाव तू एकदाच सांगितलं होतंस आणि ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. ऑस्ट्रेलियाचा होता, पण आपल्या घरात तो नुसता 'तो सिनेमा' होता. दुष्काळ सरल्यावरच्या वर्षी तो आला. अकोल्यातल्या काही हौशी मंडळींनी सिनेमे पाहायचं एक मंडळ काढलं होतं. परदेशी वकिलातींना लिहून ते लहान मशीनवर चालणारी रिळं मागवत. तू ड्यूटी संपवून गाडीने जायचास, सिनेमा पाहून परत यायचास आणि सकाळी चूल पेटवणाऱ्या मायच्या मागे मागे फिरून तिला गोष्ट सांगायचास. माय म्हणायची, "मले धूर लागून राह्यला, अन् तुह्यं काय चालू हाये!"

त्या मंडळात बहुतेक वकील, डॉक्टर, प्राध्यापक. अनसिंगची सालदारी, वर्षाच्या बोलीची शेतमजुरी, सोडून वाशीमला हमाली करायला आलेल्या माणसाचा पोरगा त्यांच्यात तू एकटाच. तुला त्याचं काही वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. पण तो ऑस्ट्रेलियाचा सिनेमा पाहून आलास त्या दिवशी तू रागाने लाल झाला होतास. मंडळाचे अध्यक्ष सिनेमा संपल्यावर उठले म्हणे आणि म्हणाले, हा कच्चा माल आहे, वकिलातीने गळ्यात मारला. कॅमेरा हलतो, एका ठिकाणी भिंतीवर माइकची सावली दिसते, पोरांना अभिनय येत नाही. सगळे हसले.

"मंग तू काय म्हणला?" मी विचारलं.

"मी म्हणलो, साहेब, त्या पोट्ट्याईले अभिनय येत नाही हेच तर पाहण्यासारखं हाये. ते रोज बसते तसेच बसले हायेत. कॅमेऱ्याकडं कोणाचं ध्यानच नाई."

"मंग?"

"मंग काय, चहा आला."

ती रिळं मुंबईला परत जायची होती. त्याआधी एक रविवार मोकळा होता. तू मंडळाच्या चिटणिसाच्या मागे लागून रिळं मागून घेतलीस, मशीनही घेतलंस. तुझा दोस्त बबन, केनवडचा, अकोला-वाशीम गाडीवर कंडक्टर. त्याने ती पेटी आपल्या सीटखाली ठेवून आणली आणि येताना प्रत्येक थांब्यावर सांगत आला, "रविवारी शाळेत इंग्रजी पिच्चर हाये, फुकट हाये." इंग्रजी आणि फुकट म्हटल्यावर काय गर्दी झाली! शाळेचा मोठा वर्ग, वर टिनपत्रं, खिडक्यांना आपल्या वस्तीतून गोळा केलेल्या गोधड्या बांधलेल्या. भर दुपार. आत माणसं भट्टीत बसल्यासारखी. बायकांमध्ये मी, दोन शेजारणी आणि एक आजी, बस्स. बाकी सगळी तरणी पोरं, आणि ती कशाच्या आशेने आली होती ते मला कळत होतं.

सुरू व्हायच्या आधी तू भिंतीपुढे उभा राहिलास आणि आपल्या भाषेत सांगितलंस, "हे पाहा भाऊ, याच्यात नाच नाई, मारामारी नाई. एका मोठ्या शहराच्या बाहेर नवी वस्ती बांधेल हाये. सगळे घरं एकसारखे. त्याच्यात हे पोट्टे राह्यते. त्याईले करमत नाई. इतकीच गोष्ट हाये."

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग आमाले काहून बोलावलं? आमालेबी करमत नाई!"

सगळे हसले. तू सगळ्यात जास्त हसलास. "म्हूनच बोलावलं," म्हणालास.

आज डोळे मिटले की तो सिनेमा मला भिंतीवर दिसतो तसा दिसतो, चुन्याच्या पोपड्यांसकट. सरळ रस्ते, त्यांवर माणूस नाही. झाड नाही, नुसते विजेचे खांब. चार पोरं एका बसक्या भिंतीवर पाय सोडून बसलेली. त्यांतला केन हा मुख्य पोरगा. नाव ऐकताच बबन ओरडला होता, "केन म्हंजे आमच्या केनवडचाच!" मग सिनेमाभर केनवडचा केन. ती पोरं एक जुनी मोटार दुरुस्त करत असतात. सिनेमाभर. ती चालू होत नाही. लोक ओरडू लागले, "अरे धक्का मारा लेकहो!" एकदा ती पोरं खरंच धक्का मारतात तेव्हा टाळ्या पडल्या. गाडी दोन खांब पुढे जाऊन थांबली. तेव्हा पहिली रांग उठून गेली.

मग हळूहळू सगळेच गेले. दार उघडायचं, उन्हाची पट्टी आत यायची, भिंतीवरचं चित्र फिकं व्हायचं, दार बंद व्हायचं. तू मशीनजवळ घामाने निथळत उभा होतास आणि जाणाऱ्याला नावाने हाक मारून म्हणत होतास, "बरं, ये मंग." कुणावर चिडला नाहीस. शेवटी राहिलो आपण, ती आजी, कोपऱ्यात झोपलेला बबन आणि स्टँडच्या कठड्यावर रोज बसणारी काही बी.ए. झालेली पोरं. ती मात्र हलली नाहीत. एकमेकांशी बोलली पण नाहीत.

त्या सिनेमातलं मला आवडलेलं मी तुला तेव्हा अर्धवटच सांगितलं. तुझ्याशी भांडायचं असल्यामुळे आवडलेलं कमी सांगावं लागायचं. आता सांगते. ती बिस्किटांच्या कारखान्यातली मुलगी. कामाची पाळी संपल्यावर बसमध्ये बसते आणि डोक्यावरची टोपी काढते. केसांवर पिठाची भुकटी असते. केन शेजारी बसलेला. तो हळूच फुंकर मारतो. ती त्याच्याकडे बघत पण नाही, खिडकीबाहेर बघते, पण मान थोडी त्याच्याकडे करते, दुसऱ्या बाजूचे केसही फुंकायला मिळावेत म्हणून. बस, इतकंच. अध्यक्षसाहेबांना हे दिसलं नसेल का?

आणि तुला आवडायचं ते बाप-लेकाचं. रविवारी सकाळी घरापुढचं गवत कापायचं यंत्र बाप चालवत असतो. केन येऊन उभा राहतो. दोघांचं काहीतरी बिनसलेलं आहे, काय ते सिनेमा सांगत नाही. बाप दमतो. यंत्र बंद न करता तसंच चालू मुलाच्या हातात देतो आणि आत जातो. दोघांची बोटं दांड्यावर एकाच वेळी असतात तो क्षण. तू ते रीळ पुन्हा लावलंस. बी.ए.वाल्या पोरांतल्या एकाने म्हटलं, "आमचे बाबा असेच वखर देते हातात." तू त्याच्याकडे असं बघितलंस की जणू त्याने तुला काहीतरी बक्षीस दिलं.

आपलं भांडण घरी येताना सुरू झालं. मी म्हटलं, "त्याईले काय कमी हाये दादा? घर हाये, मोटार हाये, घरात थंड पाण्याचं कपाट हाये. आपल्या वस्तीत अजून नळ नाई. भरल्या पोटाचं दुःख हाये हे."

तू रस्त्यात थांबलास. तुझ्या खांद्यावर ती जड पेटी होती, तरी थांबलास.

"सुमे, आपल्या माणसाचा सिनेमा कोणी काढला तर त्याच्यात काय दाखवतीन? उपास दाखवतीन, मारझोड दाखवतीन, पाणवठा दाखवतीन. खरं हाये ते, दाखवाच. पण आपल्या पोट्ट्याले रविवारी दुपारी करमत नाई, हे कोण दाखवन? आमी काय नुसतं सोसाचंच? आमाले नुसता कंटाळा याचाबी हक्क नाई काय?"

इतकं आज कबूल करते की पुढे मास्तरीण झाल्यावर वर्गात पाठ शिकवताना खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरीला मी कधी रागावू शकले नाही.

दुसरं भांडण मोठं होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. केनला लांब पश्चिमेकडच्या खाणीत काम मिळालेलं असतं. शेवटी तो बॅग घेऊन स्टेशनात उभा असतो. गाडी येते, फलाट झाकून टाकते. गाडी जाते. फलाट रिकामा. मग ती वस्ती दिसते, संध्याकाळ, एकेका घरात दिवा लागत जातो. संपलं. तो गेला की नाही?

तू म्हणायचास, गेला. फलाट रिकामा हाये ना, मंग? मी म्हणायची, नाही गेला, घरी परतला, म्हणून तर घरं दाखवली, त्यांतलाच एक दिवा त्याचा. कितीदा! ज्वारीची भाकरी मोडता मोडता, विहिरीवर, बसची वाट बघत. माय वैतागून म्हणायची, "त्या गोऱ्याले एक पोस्टकार्ड टाकून इचारा, पण मले जेवू द्या."

सिनेमा यायच्या आदल्या वर्षी तुला मुंबईहून बोलावणं आलं होतं, दादा. एका माहितीपट काढणाऱ्या माणसाने, मदतनीस म्हणून. त्याच वर्षी बाबा तापाने गेले. तू मायला सांगितलंस, तिथं राहाची सोय नाई, नाई जात. पुन्हा तो विषय काढला नाहीस. एकदा आपण त्या शेवटावरून भांडत असताना, केन का गेला नसेल याची कारणं मी देत होते, की घर असतं, मागे माणसं असतात, भीती वाटते. बोलता बोलता एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि मी थांबले. तुला ते दिसलं.

"बोल ना," तू म्हणालास.

"काई नाई."

"बोल व. मी काय खातो काय तुले?"

"काई नाई म्हणलं ना दादा."

मग म्हणालास, "तो गेला. मले मालूम हाये." आणि उठून हात धुवायला गेलास. तुला तुझं न जाणं खुपत होतं का, का तू ते कधीच मागे टाकलं होतंस, हे मी तेव्हा विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, असं मला वाटतं. पुढे दवाखान्यातही विचारता आलं असतं. तुला शुद्ध होती तोवर मी तुला मोसंबीचा रस प्यायला लावत होते.

पण माझ्या जाण्याचं मात्र तू पाहिलंस. सिनेमा आला त्याच उन्हाळ्यात, बाबा नसल्यामुळे, काकांनी रिसोडचं स्थळ आणलं होतं. पोरगा चांगला होता, माणसंही चांगली. बोलणी जवळपास ठरली होती. घरात पाव्हणे बसलेले, मी आतल्या दारात. काका म्हणाले, "पोरीच्या जातीनं बी.ए. केलं, पुष्कय झालं. आता अमरावतीले जाऊन मास्तरकी कायले शिकाची?"

तू शांतपणे म्हणालास, "काका, मले काहून सांगता? तिचं हाये, तिले इचारा ना."

"तिले काय इचाराचं?"

"सुमन," तू मोठ्याने हाक मारलीस, "बाहेर ये. तुले लगन कराचं का अमरावतीले जाचं? सगळ्याईपुढं सांग. तू म्हणशीन तसं होईन."

आपल्या घरात, आपल्या वस्तीत, त्याआधी कुणी कुठल्या पोरीला असं विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "जातो मी, दादा." लहानपणापासून तुझ्यासारखी 'जातो' म्हणायची सवय, तीच तोंडातून निघाली. काका उठून गेले ते वर्षभर आले नाहीत. तू मला गाडीत बसवायला आलास, खिडकीतून डबा दिलास आणि गाडी हलायच्या आधीच निघून गेलास, चौकशीच्या खिडकीपुढे लोक खोळंबले होते म्हणून. आज अनसिंगला मी मास्तरीण आहे. ज्या गावात बाबांनी दुसऱ्याच्या वावरात सालं घातली तिथे लोक मला 'बाई' म्हणतात. हे तुझ्यामुळे, हे तुला मी कधी म्हटलं नाही. आपल्यात तशी बोलायची रीतच नव्हती. रीत होती ती भांडायची.

कावीळ आहे, महिनाभरात बरा होशील, असं सगळे म्हणत होते. मग अकोल्याला नेलं. तुझे डोळे हळदीसारखे झाले तरी तू बाजूच्या खाटेवरच्या माणसाला गाड्यांच्या वेळा सांगत होतास. माय तुझे धुतलेले कपडे आणायला वाशीमला आली होती. ती निघाली तेव्हा तू झोपला होतास, तिने उठवलं नाही. त्यानंतर तू उठलाच नाहीस. ती कपडे घेऊन परत आली तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. तीसुद्धा अजून रडलेली नाही.

उद्या तुझं पुण्यानुमोदन आहे. विहारातले भन्तेजी येतील, तुझ्या नावाने वंदना होईल. बबनने केनवडहून तुरीची डाळ आणून टाकली, "माह्या वावरातली हाये, बाई," एवढंच म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. दुपारी मी आणि माय पांढऱ्या लुगड्यांत ओसरीवर बसून डाळ निवडत होतो. मग ती एकदम म्हणाली, "तो कोणता शिनेमा होता व, ज्याच्यापाई तुमी दोघं भांडत होते? मी कधी नीट ऐकलाच नाई. सांग बरं."

मी सांगितला. पहिल्यापासून सांगितला. वस्ती, भिंत, मोटार, बिस्किटवाली पोरगी, बापाने चालू यंत्र हातात दिलं ते. ती खडे वेचत ऐकत होती. स्टेशन आलं. गाडी आली, गाडी गेली. मी थांबले.

"मंग? गेला तो?"

इतकी वर्षं मी ज्यावर अडून बसले ते माझ्या तोंडात तयार होतं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं होतं.

"गेला, माय," मी म्हटलं.

तिने मान हलवली. थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. मग विचारलं, "त्याची माय होती ना घरी? तिले सांगून गेला, का तसाच गेला?"

दादा, केनची आई त्या सिनेमात आहे. स्वयंपाकघरात, पाठमोरी, रेडिओ ऐकत. दोनदा दिसते. तो तिच्याशी काय बोलला हे कुठेच नाही. आपण कितीदा भांडलो, पण हे तुलाही सुचलं नाही, मलाही नाही.

"दाखवलं नाई, माय," मी म्हटलं.

"दाखवाले पाहिजे होतं," ती म्हणाली. सूप उचललं आणि पुन्हा डाळ पाखडू लागली. फोल उडून तिच्या पांढऱ्या पदरावर बसत होतं. मी हात पुढे करून ते झटकू लागले आणि तेव्हा मला कळलं की तिचं अख्खं अंग थरथरत होतं.